तुटली एक, जोडल्या तीन

मी एक जुनी साखळी आहे. कोलिन गावच्या वाचनालयात, मुलांच्या पुस्तकांच्या कपाटावर, भिंतीला टांगलेली. माझ्या दोन्ही टोकांना नारिंगी काठ्या आहेत आणि खाली एक पितळी पाटी ठोकलेली आहे. पाटीवर लिहिलंय, "सेंट लुडमिला कॉलेज. बरोबर दहा यार्ड. चव्वेचाळीस वर्षांची प्रामाणिक सेवा."

मित्रांनो, ती पाटी वाचू नका. वाचलीत तर विश्वास ठेवू नका. ज्याने ती लिहिली त्याने मला मोजलं नव्हतं. कुणीच मोजलं नाही. म्हणून तर आज मला तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म शिकागोकडच्या एका कारखान्यात झाला, १९७५ साली. तिथल्या कामगाराने मला तीस फुटांच्या लाकडी पट्टीवर ताणलं, एक कडी जास्त होती ती कापून टाकली, पुन्हा ताणलं आणि मान डोलावली. तीस फूट म्हणजे दहा यार्ड. त्या दिवशी मी खरी होते. केसाएवढाही फरक नव्हता. मग मला पोत्यात घालून नेब्रास्कात पाठवलं, मक्याच्या शेतांच्या मधोमध वसलेल्या या गावात.

आमच्याकडचा फुटबॉल सहसा पायाने लाथाडायचा नसतो. चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्या अकरा जणांच्या अंगावर जायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात, तर आणखी चार प्रयत्न मिळतात. त्याला फर्स्ट डाउन म्हणतात. नाही सरकलात, तर चेंडू समोरच्याला द्यायचा. आणि दहा यार्ड झाले की नाही हे ठरवणारी मी. मैदानाच्या कडेला दोन माणसं माझ्या दोन काठ्या धरून उभी राहतात. तिसरा माझ्या एका कडीला चिमटा लावतो, मैदानावरच्या पांढऱ्या रेषेच्या अगदी वर. शंका आली की पंच हात हलवतो. मग तिघं मला घेऊन मैदानात जातात, चिमटा त्याच रेषेवर टेकवतात, मला ताणतात. चेंडूचं नाक पुढच्या काठीपर्यंत पोचलं तर "अजून चार". नाही पोचलं तर घरी जा.

तो चिमटा लावणारा माणूस म्हणजे एमिल वोंद्राचेक. धान्याच्या उंच कोठारावर कामाला होता. १९७९ साली आला आणि चाळीस वर्षं राहिला. फुकट. बदल्यात मिळायचा एक कॉफीचा पेला आणि मैदानात आत उभं राहण्याचा मान.

पण त्या मानाला एक अट होती. साखळीवाल्यांनी ओरडायचं नाही. टाळी वाजवायची नाही. आपला संघ, आपलं गाव, शेजारच्याचा पोरगा चेंडू घेऊन पळतोय, तरी तोंड शिवून उभं राहायचं. एमिलसारखं सेंट लुडमिलाचं वेड गावात दुसऱ्या कुणाला नव्हतं, आणि बरोबर त्यालाच गप्प राहायची शिक्षा. तो सूर्यफुलाच्या बिया चघळायचा. संघ हरायला लागला की जोरात चघळायचा. तेवढीच त्याची बोंब.

त्याची बायको रोझ आमच्या मागेच, पहिल्या रांगेत बसायची. मांडीवर पत्र्याचा डबा. डब्यात घरी केलेले कोलाचे, म्हणजे मऊ पाव, मध्ये जर्दाळूचा किंवा खसखशीचा गोड गोळा. तिचा नियम कडक होता. आपल्या पोरांचा पहिला फर्स्ट डाउन झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. झाला की डबा रांगेतून फिरायचा, आणि एक जर्दाळूचा कोलाचे एमिलसाठी मागे राहायचा. चांगल्या वर्षांत हा डबा पाचव्या मिनिटाला रिकामा व्हायचा. हो, आमचीही चांगली वर्षं होती. फार नव्हती.

आता ऐका, माझं काय झालं ते.

१९९१ चा ऑक्टोबर. गारांचा पाऊस, गुडघाभर चिखल. मोजायला गेलो तर डेल पोकोर्नी पुढची काठी ओढतोय आणि मागच्या काठीवरचा म्हातारा घसरून तिलाच लोंबकळतोय.

"ओढ की रे!"

"तू सोड आधी!"

"सोडली तर पडेन ना मी!"

कट्‌कन आवाज झाला. माझी एक कडी उघडली आणि मी दोन तुकडे होऊन चिखलात पडले. मध्यंतर व्हायला दोन मिनिटं होती. एमिल मला खांद्यावर टाकून आपल्या ट्रककडे पळाला. ट्रकच्या मागे डुकरांच्या फाटकाची जुनी साखळी पडली होती. जाडी माझ्याएवढीच. त्याच्या हाताला तिचा तीन कड्यांचा तुकडा लागला. तोच त्याने मध्ये बसवला आणि पकडीने आवळला.

डेल म्हणाला, "लांब झाली का रे?"

"तीन कड्यांनी काय होतंय? खेळ तर होऊ दे. सोमवारी नीट करतो."

आणि त्याने सोमवारी खरंच नीट केली. सांधे झाळले, कानस मारली, रंग दिला. मग मला ट्रकच्या हुकाला बांधून सगळं अंग टाकून ओढून बघितलं. तुटली नाही. खूश झाला. मित्रांनो, त्याने मला ओढून बघितलं. मोजून बघितलं नाही. तुटली होती एक कडी, जोडल्या तीन. दोन कड्या जास्त. अडीच इंच.

पंच दर सामन्याआधी मला हातात घ्यायचे, दोन झटके द्यायचे, "चला, मजबूत आहे," म्हणायचे. मजबुती बघणारे शेकड्याने भेटले. लांबी बघणारा एक नाही.

तुम्ही म्हणाल, साखळी लांब तर दोन्ही संघांना लांब, अन्याय कुठे झाला? हेच तर मला चीड आणणारं आहे. लांब साखळीचा त्रास पळणाऱ्याला होत नाही. तो वीस यार्ड पळतो, अडीच इंच त्याच्या बुटाच्या टाचेखाली जातात. त्रास होतो तो इंच इंच सरकणाऱ्याला. आणि सरकणारे कोण होते? आमचेच.

१९९६ साली आमची पोरं गटाच्या अंतिम सामन्यात पोचली. शंभर वर्षांत एकदाच. सतरा-चौदाने मागे, शेवटचं मिनिट, चौथा प्रयत्न. गॅरी नोवोत्नी नावाचा दांडगा पोरगा चेंडू पोटाशी धरून घुसला. ढिगाऱ्याखालून चेंडू काढला तेव्हा पंचाने हात हलवला. मोजा.

आम्ही गेलो. एमिलने चिमटा रेषेवर टेकवला. डेलने मला ताणलं. तीन हजार माणसं श्वास धरून. चेंडूचं नाक काठीच्या अलीकडे थांबलं होतं. पंच वाकला, आणि त्याने दोन बोटं आडवी धरून वर दाखवली. दोन बोटं कमी.

मी तिथे ताणलेली पडले होते आणि माझ्या पोटात डुकरांच्या फाटकाच्या दोन जादा कड्या होत्या. तो फर्स्ट डाउन होता. पक्का, इंचभर जास्तच. मला माहीत होतं. मला तोंड नाही.

एमिलचा चेहरा दगडासारखा. त्याने वाकून चिमटा काढला आणि बाहेर चालत आला. त्या दिवशी तो बिया चघळायला विसरला.

गॅरीचं पुढे टायरचं दुकान झालं. लग्न झालं, पोरं झाली, टक्कल पडलं. पण गावाने त्याला सोडलं नाही. तो गाडी मागे घेत असला की कुणीतरी ओरडायचंच, "गॅरी, दोन बोटं पुढे घे रे!" चर्चमध्ये बाकावर बसताना, "सरक गॅरी, दोन बोटं." तो हसायचा. पंचवीस वर्षं एकाच थट्टेवर हसणं म्हणजे काय असतं, ते मोजायला माझ्यासारखी साखळी अजून निघाली नाही.

मग २०१२ साली कॉलेजला नवे अध्यक्ष आले. उंची सूट, पांढरे दात. म्हणाले, "आपण मोठ्यांच्या पंगतीत बसायला हवं." आणि आमचा संघ वरच्या गटात टाकला. तिथली पोरं बैलांसारखी, आणि आमच्यातले निम्मे सकाळी कॉलेजच्या स्वयंपाकघरात भांडी घासून मैदानात यायचे. बावन्न-तीन. एकसष्ट-शून्य. सत्तर-सात. अध्यक्ष आणि त्यांचे पाहुणे काचेच्या खोलीत बसायचे, गरम जेवायचे, मध्यंतराला निघून जायचे. पोरांच्या बरगड्यांवर पाय देऊन वर चढायची हौस यांना, आणि बरगड्या मोडताना बघायची हिंमत नाही.

पण गाव बसून राहायचं. का, ते मला विचारू नका. तीन हजारांचे तीनशे झाले, पण ते तीनशे यायचे. काही जण डोक्यावर कागदी पिशवी घालून यायचे, डोळ्यांना दोन भोकं पाडून. आमच्या मागे चाललेली बोलणी मी ऐकायचे.

"लिओ, तूच ना रे तो पिशवीत?"

"कसं ओळखलंस?"

"पोट कुठे लपवलंयस?"

"काढू का मग पिशवी?"

"नको, नको. पिशवी बरी दिसते."

आणि या लोकांची आशा कशी झिजत गेली तेही मी पाहिलं. आधी ते जिंकायची वाट बघायचे. मग निदान एकदा तरी गुण मिळावेत म्हणून बघायला लागले. मग तेही सुटलं आणि माझ्यावर येऊन थांबलं. आपला फर्स्ट डाउन झाला की तीनशेच्या तीनशे उठायचे, हात पसरून क्रेन पक्ष्यासारखे पंख हलवायचे, कारण संघाचं नाव क्रेन्स, आणि ओरडायचे, "अजून चार! अजून चार!" समोरच्या संघाची माणसं चक्रावून बघायची. अठ्ठेचाळीस-शून्य मागे असताना ही येडी नाचतायत कशाला? त्यांना काय कळणार. ज्याच्या ताटात रोज वाढतात त्याला खरवड चाटायची चव नसते.

एमिल तेव्हाही गप्प उभा असायचा. पण फर्स्ट डाउनला चिमटा हलवताना त्याचा हात हलका असायचा. मला कळायचं. आणि त्याच्या मागे पत्र्याचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा. दर शनिवारी त्याला बाकी काही नको होतं. तेवढा आवाज झाला की त्याचा आठवडा निभायचा.

२०१९ च्या नोव्हेंबरात, एका गुरुवारी, अध्यक्षांनी सगळ्यांना पत्र पाठवलं. फुटबॉल बंद. येत्या शनिवारी शेवटचा सामना. ज्या माणसाने पोरांना मार खायला उभं केलं, त्यानेच लिहिलं होतं की संघाची कामगिरी समाधानकारक नाही.

त्या शनिवारी वारा असा होता की काठ्या हातात टिकत नव्हत्या. मागची काठी आता व्हर्ना ह्रुस्काकडे होती. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, जिभेला लगाम नाही. समोरचा संघ चेंडू घेऊन पळायचा आणि ही तिघं म्हातारी माणसं मला घेऊन त्यांच्यामागे धापा टाकत धावायची. मग चेंडू आमच्याकडे यायचा, तीन प्रयत्न फसायचे, चौथ्याला लाथ मारून चेंडू लांब उडवायचा आणि समोरच्याला देऊन टाकायचा, संपलं. मी जागची हलायचे नाही.

"डेल, तुझ्या काठीला पालवी फुटली का बघ रे," व्हर्ना म्हणाली. "तासभर रोवलीय."

"गप गं. पंच ऐकेल."

"ऐकू दे. त्यालाही घरी जाऊन सांगायला काहीतरी नको का?"

"एमिल, हिला सांग काहीतरी."

एमिल गुणांच्या फळ्याकडे बघत होता. एकोणसाठ-शून्य. शेवटचा भाग सुरू झाला होता आणि सबंध सामन्यात आमचा एकही फर्स्ट डाउन नव्हता. असं कधीच झालं नव्हतं. सत्तरने हरलो तेव्हाही दोन-तीन व्हायचेच.

मागून रोझचा आवाज आला. "एमिल! अरे, डबा गार पडला रे!"

तिच्या शेजारून लिओ पिशवीतून म्हणाला, "रोझ, उघड की आता. शेवटचा सामना आहे. देव काय बघतोय?"

"नियम म्हणजे नियम. चाळीस वर्षं फर्स्ट डाउन झाल्याशिवाय उघडला नाही. आज उघडला तर मग काय राहिलं?"

"भूक राहिली, बाई!"

"मग पिशवी खा."

लोक हसले. पण ते हसणं लवकर विझलं. मित्रांनो, एमिलला मागे वळून बघायची परवानगी नव्हती. तरी रोझने डब्यावर दोन्ही हात घट्ट ठेवले असणार हे त्याला दिसत होतं. माझी कडी त्याच्या हातमोज्यात होती आणि तो हात घामाने ओला होता, त्या थंडीत.

सहा मिनिटं उरली. आमचा मार्कस नावाचा बुटका पोरगा, बावीस नंबर, ओमाहा शहराचा, सकाळी स्वयंपाकघरात अंडी फोडायचा. पहिल्या प्रयत्नात चार यार्ड गेला. मग तीन. मग एक. चौथ्या प्रयत्नाला सगळ्यांना वाटलं लाथ मारतील. नाही मारली. मार्कस डोकं खाली घालून घुसला आणि सहा जण त्याच्यावर कोसळले. ढीग उपसला. पंचाने चेंडूकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि हात हलवला. मोजा.

तीनशे माणसं उभी राहिली. कुणी ओरडलं नाही.

आम्ही चालत निघालो. एमिलचं धान्याच्या कोठारावर आयुष्य गेलं होतं, नजर मापाची होती. अर्ध्या वाटेवरच त्याला चेंडूचं नाक दिसलं आणि त्याला कळलं. दोन बोटं कमी पडणार. तीच दोन बोटं. गॅरीची.

त्याची पावलं क्षणभर अडखळली.

"काय रे?" व्हर्ना हळूच म्हणाली.

"बर्फ आहे. सांभाळून."

बर्फ नव्हतं. तो रेषेवर गुडघा टेकून बसला, पाठ पंचाकडे, आणि हातमोज्याच्या आड त्याने चिमटा उघडला. माझ्या कड्या त्याच्या बोटांखालून सरकल्या. एक. दोन. चिमटा पुढच्या काठीकडे दोन कड्या गेला, आणि बंद झाला. आता तो रेषेवर टेकला की पुढची काठी तेवढीच मागे येणार होती.

डेलने मला ताणलं. चेंडूचं नाक काठीच्या पुढे होतं. बोटभर.

पंचाने हात लांब करून दाखवला. फर्स्ट डाउन.

तो आवाज मी कसा सांगू? तीनशे माणसांचा आवाज तीन हजारांसारखा आला. पंख, पिशव्या, टोप्या हवेत. "अजून चार! अजून चार!" लिओने पिशवी फाडली आणि आतून रडवेला, लालबुंद, साधा माणूस निघाला. मार्कस वर बघून हसत होता, त्याच्या नाकातून रक्त येत होतं. आणि त्या सगळ्या गोंगाटात झाकण उघडल्याचा तो आवाज. चाळीस वर्षं एमिल ज्याच्यासाठी उभा राहिला तो.

तो गुडघ्यावरून उठला नाही. डेलला त्याला हात द्यावा लागला.

पुढच्याच प्रयत्नात मार्कसच्या हातून चेंडू सुटला. समोरच्याने उचलला आणि मैदानभर पळत नेला. सहासष्ट-शून्य. त्यावरच संपलं. अजून चार मिळाले होते, त्यातले तीन वापरायचे राहूनच गेले.

सामन्यानंतर मला एमिलच्या ट्रकच्या मागे टाकलं होतं, मैदानाच्या खोलीपर्यंत न्यायला. खिडकी उघडी होती. रोझने रुमालातून कोलाचे काढला.

"हा घे. जर्दाळूचा. लिओने दोन मागितले, दिला नाही मी."

"नको."

"नको म्हणजे?"

"दात दुखतोय."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

तिने कोलाचे पुन्हा रुमालात गुंडाळला. "एमिल, झाला ना रे फर्स्ट डाउन. सगळ्यांनी बघितला."

"हो," तो म्हणाला. "सगळ्यांनी बघितला."

मैदानाच्या खोलीत मला गुंडाळून ठेवताना तो एकटाच होता. माझ्याशी बोलला, असं मी म्हणते, पण कदाचित भिंतीशी बोलला असेल. "चाळीस वर्षं," तो म्हणाला. "एक इंच इकडचा तिकडे केला नाही. आणि शेवटच्या दिवशी." मग दार लावून गेला.

मी तिथे अंधारात पडून ओरडत होते, मित्रांनो. अरे वेड्या, तू चोरलं नाहीस! डुकरांच्या फाटकाच्या दोन कड्या तूच घातल्यास आणि आज तूच त्या काढल्यास. अठ्ठावीस वर्षांत फक्त आज मी बरोबर दहा यार्ड होते. मार्कस पोचला होता. ते अंतर त्याने स्वतःच्या नाकाच्या रक्ताने मिळवलं होतं, तुझ्या लबाडीने नाही!

पण लोखंडाचा आवाज कुणाला ऐकू जातो? फक्त खणखण.

दोन वर्षं मी त्या खोलीत उंदरांबरोबर होते. मग मैदान विकलं, तिथे आता गाड्या लावतात. डेलने मला तिथून सोडवून वाचनालयाला दिलं. पाटी लावायच्या दिवशी केक होता. अध्यक्षही आले, तेच पांढरे दात, आणि परंपरेबद्दल बोलले. परंपरा पुरून झाली की तिच्यावर भाषण करायला हीच माणसं पहिली हजर. एमिल आला नाही.

"दात दुखतोय म्हणे," व्हर्ना केक खात म्हणाली. "दोन वर्षं झाली, दुखतोच आहे. एवढा वेळ तर मगरीचा दात दुखत नाही."

रोझ दर मंगळवारी पुस्तकं बदलायला येते. एकदा ती इथेच, माझ्याखाली, व्हर्नाला सांगत होती. "काय झालंय ते सांगत नाही गं. जर्दाळूचा कोलाचे समोर ठेवला की उठून बाहेर जातो. जत्रेत दरवर्षी भोपळे मोजायचा ना, तेही सोडलं. म्हणाला, माझ्या हातचं माप कुणी घेऊ नये."

"म्हातारा झालाय, दुसरं काय."

"म्हातारा तर तो लग्नातच होता," रोझ म्हणाली. हसली नाही. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पाटी वाचली. बरोबर दहा यार्ड. आणि पुस्तकं घेऊन निघून गेली.

हे सगळं सांगून काय होणार आहे, मला माहीत नाही. फार काही होईल असं वाटत नाही. संघ परत येणार नाही. मार्कस कुठे आहे कुणाला ठाऊक नाही. तुम्ही मुलं येता, माझ्या काठ्या हलवता, ग्रंथपालबाई ओरडतात, "हात लावू नका, जुनी आहे ती!" आणि तुम्ही निघून जाता. याला सांभाळणं म्हणत नाहीत. काचेत ठेवलेल्या मेलेल्या फुलपाखरालाही असंच सांभाळतात. मला धूळ पुसायला नको आहे. मला मोजायला हवं आहे.

ग्रंथपालबाईंच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात कापडी टेप आहे. मंगळवारी त्या जेवायला जातात तेव्हा खण उघडा असतो. मला खाली उतरवा, लांब गल्लीत सरळ टाका, दोघांनी काठ्या धरा, एकाने टेप. तीस फूट आणि वर अडीच इंच भरेन. मधल्या तीन कड्या बघा, रंगाखाली त्या थोड्या काळ्या आहेत.

मग एमिलकडे जा. चर्चच्या मागे, हिरव्या दाराचं घर. तो ऐंशीच्या पुढे गेलाय, वेळ आहे पण फार नाही. त्याला सांगा.

मी यावर खूप विचार केला आहे, मित्रांनो. टांगलेल्याला दुसरं काय काम असतं? हे सांगितलं की त्याच्या डोक्यावरचं एक ओझं उतरेल आणि दुसरं चढेल. मार्कसचा फर्स्ट डाउन खरा होता, हे त्याला कळेल. आणि गॅरीचाही खरा होता, हे त्याच क्षणी कळेल. ती अंतिम फेरी, ते मिनिट, गॅरीची पंचवीस वर्षांची थट्टा, सगळं त्याने चिखलात घाईघाईने बसवलेल्या तीन कड्यांवर येऊन पडेल. तो कदाचित आणखी मोडेल. सांगू नये असंही मला पुष्कळदा वाटलं.

तरी सांगा. त्याच्याकडून चूक झाली होती आणि तो स्वतःला चोर समजून बसलाय. दुःख त्याला दोन्हीकडे आहे, त्यातून सुटका नाही. पण निदान खऱ्या गोष्टीचं दुःख त्याला करू द्या. आणि येताना गॅरीच्या टायरच्या दुकानावरून या. त्यालाही सांगा. मोठ्याने सांगा, बाहेर रस्त्यावर, चार माणसं ऐकतील असं.

आणि ही पाटी उखडून टाका.